चिमट्याखालचा पांढरा ठसा

१

सोमवारी दुपारी डॉर्कस कीपिंगने शिवलेले सगळे मास्क दोरीवर तपकिरी होऊन लोंबत होते. संध्याकाळपर्यंत आमच्या रॅगेड कोव्ह गावाने ठरवूनही टाकलं, की हे काम ह्यूबर्ट पेलीचं.

त्या वेळी मी मर्टल स्नूकच्या दुकानात पावाच्या रांगेत उभा होतो. लोक बोलत होते आणि मी मान हलवत होतो. मला वाद घालता येत नाही. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं. तिथे बोलायचंच नसतं.

ते मास्क साधे नव्हते. आमच्या बायकांनी पैसे जमवून मुख्य भूमीवरून खास पांढरं कापड मागवलं होतं. त्यात चांदीचा अंश मुरवलेला होता. श्वासाने मास्क ओला होतो, ओल्यात जंतू वाढतात, वास येतो, म्हाताऱ्यांच्या नाजूक कातडीवर पुरळ उठतं. चांदी ती वाढ रोखते, असं कंपनीचं म्हणणं. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात बागेत बसणाऱ्यांसाठी आणि त्यांना भेटायला येणाऱ्यांसाठी ते जायचे होते. धुण्याचा नियम एकच, आणि तो मर्टलने सगळ्यांकडून तोंडपाठ करून घेतला होता: गार पाणी, साधा साबण, ब्लीच अजिबात नाही.

शनिवारी बायकांनी सगळे मास्क तसेच धुतले, उन्हात वाळवले, इस्त्री करून चर्चच्या हॉलमध्ये टोपल्यांत ठेवले. प्रत्येकीची टोपली वेगळी. सोमवारी पोचते करण्याआधी शेवटचं ऊन द्यावं म्हणून मर्टलने ते पुन्हा हॉलच्या दोरीवर घातले. शनिवारच्या उन्हात पांढरेशुभ्र राहिलेले मास्क सोमवारच्या उन्हात डागाळले, आणि तेही फक्त डॉर्कसचे. तिची निळ्या दोऱ्याची शिवण सगळ्या गावाला ओळखू येते.

ह्यूबर्ट हा डॉर्कसचा भाऊ. त्याचं घर हॉलला लागून. बापाच्या मचव्यावरून दोघांचं कधीचं बिनसलेलं. त्यात शनिवारी ह्यूबर्टने अंगणात मोठं पातेलं चढवून स्प्रूसच्या झाडाच्या साली उकळल्या होत्या. त्या काढ्यात मासेमारीची जाळी बुडवली की ती कुजत नाहीत, तपकिरी होतात. आता असं कोणी करत नाही, ह्यूबर्ट करतो. आणि आदल्याच आठवड्यात तो दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तोंडाला लंगोट बांधायचाच, तर निदान सालीत बुडवून तरी द्या. टिकेल!"

सगळे हसले होते. मंगळवारी मात्र कोणी हसत नव्हतं. वृद्धाश्रमाच्या मुख्य नर्स व्हर्ना हाइन्स यांनी ह्यूबर्टला फाटकाशीच थांबवलं. आतल्या माणसांच्या वस्तूंची जो नासधूस करतो, त्याला आवारात पाऊल टाकता येणार नाही.

ह्यूबर्टची बायको एफी तिथे आहे. तिला बरंचसं आठवत नाही. साथीमुळे आत जायला बंदी. म्हणून ह्यूबर्ट रोज दुपारी तिच्या खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसायचा. ती त्याला नावाने हाक मारत नसे, पण काचेवर हात ठेवायची.

त्या दुपारी खुर्ची रिकामी राहिली. एफी संध्याकाळपर्यंत काचेवर हात ठेवून बसली आणि जेवली नाही.

हे मला मर्टलने सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "मास्तर, तुम्ही एवढ्या रहस्यकथा वाचता. एकदा बघा ना जरा."

"माझ्याच्याने काय होणार?" मी म्हणालो.

"मान तर हलवता येते ना? मग डोळेही हलवा."

२

मर्टलने तपकिरी मास्कची टोपली माझ्यापुढे ठेवली. खरं तर मला पळून जावंसं वाटत होतं. पण एक मास्क उचलला आणि चष्मा पुसून बघू लागलो.

बाहेरची बाजू गडद होती, करड्यावर गेलेली तपकिरी. आतली बाजू मात्र जवळजवळ पांढरी. चुण्या उलगडून पाहिल्या, तर त्यांच्या पोटातही पांढरं. आणि वरच्या काठावर एक छोटा, सरळ कडांचा, स्वच्छ पांढरा चौकोन.

दुसरा मास्क घेतला. तसाच चौकोन. तिसऱ्यावरही तोच.

"मर्टल, चिमटे कुठे लावले होतेस?"

"वरच्या काठाला. एकेका मास्कला एकच."

"आणि बाहेरची बाजू कुठे होती?"

"उन्हाकडे. आतली भिंतीकडे. का हो?"

मला बोलण्याआधी तीनदा विचार करायची सवय आहे, आणि तिसऱ्या वेळी बहुधा बोलणं राहूनच जातं. पण मनात एक गोष्ट पक्की बसली. काढा फेकला असता तर तो कापडात झिरपला असता. चुण्यांत, मागच्या बाजूला, चिमट्याच्या लाकडाखालीसुद्धा. पाणी चिमट्याला विचारून थांबत नाही. चिमट्यापाशी थांबतं फक्त ऊन.

मास्क नाकाजवळ नेला. टोकदार, डोळ्यांत जाणारा वास होता. फरशी पुसल्यावर दवाखान्यात येतो तसा.

"मर्टल, वास आला का तुला?"

"दोरीवर घालतानाच आला. वाटलं, कोणाच्या तरी साबणाचा असेल." तिने मान बाजूला वळवली. "काय वाईट वास आहे हो! डॉर्कसलाही म्हणाले मी सोमवारी. ती दारातून म्हणाली, टोपली पायरीवर ठेव आणि लांब उभी राहा. मग मास्क पार नाकाला लावून म्हणाली, मला तर कसलाच वास येत नाही, तुझं नाकच चोंदलंय."

त्यावर आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली.

मी मर्टलकडून त्याच कापडाच्या दोन कोऱ्या चिंध्या मागून घेतल्या आणि ह्यूबर्टकडे गेलो. त्याचा काढा हवा होता. तो देईल की कानाखाली देईल, ह्याची खात्री नव्हती.

३

ह्यूबर्ट अंगणात जाळं विणत बसला होता. मला पाहून उठला नाही.

"ये मास्तर. आरोपीला बघायला आलास? तिकीट काढलंस का?"

"तुझा थोडा काढा हवाय."

"कशाला? प्यायला? घे. चर्चच्या चहापेक्षा बरा आहे."

त्याने डब्यात काढा ओतून दिला. त्याचे हात कोपरापर्यंत तपकिरी होते. ते पाहून मला पुन्हा शंका आली. माझ्या शंकांना फारसं निमित्त लागत नाही.

"ह्यूबर्ट, रविवारी तू कुठे होतास?"

"इथेच. रविवारी कुठे जाणार? देवाचा वार, कामाला हात लावायचा नाही. जाळ्याला हात लावला नाही, सुरीसुद्धा नाही. एफीच्या खिडकीशी गेलो, परत आलो, बसलो. गावात कोणी हलत नव्हतं. फक्त डॉर्कसचं धुराडं तेवढं धूर सोडत होतं."

"उन्हाळ्यात?"

"हो ना. घामाने माझा सदरा पाठीला चिकटलेला, आणि हिने चूल अशी पेटवलेली जशी जानेवारीतच बसलीय. म्हटलं थंडी भरली असेल. दार वाजवलं. आतून ओरडली, आत येऊ नकोस, तिथूनच जा." सुई थांबली. मग त्याने एक गाठ नको तेवढी घट्ट ओढली. "माझ्याशी ती अशीच बोलते. त्यात नवीन काय?"

"एफी जेवत नाही म्हणे," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

त्याने वर पाहिलं. मग टेकडीकडे पाहत राहिला, आणि मी डबा घेऊन चोरासारखा बाहेर पडलो.

घरी दोन्ही चिंध्यांवर माझा प्रयोग केला. एक काढ्यात बुडवली, दुसरी ब्लीचच्या पाण्यात. दोन्ही पिळल्या, वाळवल्या, आणि प्रत्येकीवर एकेक किल्ली ठेवून खिडकीच्या उन्हात पसरल्या. मग पुस्तक उघडून बसलो. एक पान चार वेळा वाचलं.

उठून पाहिलं तेव्हा काढ्यातली चिंधी जशी होती तशीच होती, किल्लीखालीही तपकिरी. ब्लीचमधली चिंधी ठेवताना पांढरी होती. आता ती करडी-तपकिरी झाली होती. किल्ली उचलली, तर खाली दुसरी किल्ली होती: पांढरी, दात्यांसकट.

जुन्या फोटोंचं तंत्रच हे. कागदावर चांदीचे क्षार असतात आणि उजेड त्यांना काळं करतो. ब्लीचने कापडातल्या चांदीचा तसाच क्षार झाला होता. बाकीचं उन्हाने केलं. म्हणजे डॉर्कसचे मास्क डागाळायला कोणी आलंच नव्हतं. शनिवार ते सोमवारच्या मधे कोणीतरी ते जाणूनबुजून ब्लीचमध्ये धुतले होते, चुलीच्या धगीवर वाळवले होते आणि इस्त्री करून परत ठेवले होते. त्याला ते स्वच्छ करायचे होते.

ज्या गावात रविवारी रुमालसुद्धा कोणी पिळत नाही, त्या गावात रविवारी टोपलीभर धुणं निघालं होतं.

४

डॉर्कस कीपिंग ही आमच्या गावाची सदसद्विवेकबुद्धी आहे, असं पाद्री एकदा म्हणाले होते. विनोदाने म्हणाले, पण हसलं कोणी नाही.

साथीच्या सुरुवातीला गावाबाहेर जाऊ नये हा नियम सगळ्यात आधी तिने उचलून धरला. मर्टलचा बाप पलीकडच्या खाडीत वारला तेव्हा मर्टल निघाली होती. डॉर्कस दुकानाच्या दारात उभी राहून म्हणाली, "मेलेल्याला तुझी गरज नाही, जिवंतांना आहे. जाशील तर परत येऊन आमच्या तोंडावर खोकशील." मर्टल गेली नाही. बापाला माती देताना पोटची लेक तिथे नव्हती. तेव्हाही दुकानात बरेच लोक होते, आणि तेव्हाही मी मान हलवली होती.

मी डॉर्कसच्या फाटकाशी थांबलो. ती दार किलकिलं करून उंबऱ्यात उभी राहिली. तोंडावर मास्क, डोळे खोल गेलेले.

"लांबूनच बोल, रूबेन. नियम आहे."

"मी ह्यूबर्टबद्दल आलोय."

"त्याच्याबद्दल मला काही बोलायचं नाही."

"तुला वाटतं त्याने केलं?"

"लोकांना वाटतं."

"मी लोकांचं विचारत नाहीये, डॉर्कस."

तेवढ्यात मला काहीतरी जळाल्याचा वास आला. तिच्या खांद्यामागून, स्वयंपाकघराच्या दारातून निळसर धूर येत होता. मोलॅसिसचे, म्हणजे काकवीचे, बन भट्टीत होते. डॉर्कसचे बन म्हणजे जत्रेत पहिला नंबर. रंग नुसत्या वासावरून ओळखून ती भट्टी उघडते, अशी तिची ख्याती. धूर आता तिच्या डोक्यावरून दारापर्यंत आला. मला फाटकापाशी ठसका लागला. आणि ती शांतपणे मला सांगत होती, की ह्यूबर्टचा स्वभाव लहानपणापासूनच तसा.

"डॉर्कस," मी म्हणालो, "तुझे बन करपतायत."

ती वळली. धूर पाहिला. धावली मात्र नाही. पाठमोरीच, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. त्या पाठीकडे बघताना मला सगळं समजलं, आणि आपल्याला समजायला नको होतं असं वाटलं.

"तुला वास येत नाही," मी म्हणालो. "करपल्याचा नाही, ब्लीचचाही नाही. म्हणून ब्लीच इतकं जास्त पडलं. दुसरी कोणी असती तर तिचं नाकच म्हणालं असतं, पुरे."

५

तिने आधी भट्टी बंद केली. मग परत आली आणि दाराच्या आतच खुर्चीत बसली. मी फाटकाशीच. मध्ये तिची बाग होती. त्यामुळे जे हळू बोलायचं ते आम्हाला मोठ्याने बोलावं लागलं.

"तू कशावरून म्हणतोस?"

"बाकीच्या कुणाच्या मास्कना धक्का नाही. गाव म्हणालं, ज्याचं तुझ्याशी वैर त्याने केलं. मीही आधी तेच धरून चाललो. पण वैरी माणूस मास्क धुऊन, इस्त्री करून ठेवत नाही. ब्लीच लावू नये हे शिवणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. तरी ते लावायचं, आणि तुझ्याच मास्कना, म्हणजे त्यांच्यावर काहीतरी आहे अशी भीती कुणालातरी होती. ती भीती तुझ्याशिवाय कुणाला असणार?"

ती हातांकडे बघत होती. "नातीला पाहायला गेले होते," ती म्हणाली. "शहरात, सेंट जॉन्सला. पहाटे निघाले, कोणी पाहिलं नाही. तीन आठवड्यांचं बाळ, रूबेन. मांडीवर घेतलं. वासही घेतला तिच्या टाळूचा. तो शेवटचा."

"मग?"

"परत येऊन मास्क पुरे केले. घशात खवखव होती, म्हटलं धुळीने असेल. रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. जावई आजारी, तपासणीत निघालं. आणि माझे मास्क हॉलमध्ये. एफीच्या तोंडावर बांधायला." तिचा आवाज फाटला. "चांदीवर माझा भरवसा नव्हता. ब्लीचवर आहे. आईने सगळं ब्लीचनेच धुतलं. दोरीवर घालायची सोय नाही, रविवार. म्हणून टोपली गुपचूप घरी आणली आणि चूल पेटवली. स्वच्छ होऊन जातील, कोणाला कळणार नाही, असं वाटलं."

"आणि ह्यूबर्ट?"

तिने खुर्ची थोडी आत सरकवली.

"सांगायचं म्हणजे मर्टलला सांगायचं," ती म्हणाली. "तिच्या डोळ्यांत बघून. ते मला जमेना. त्यापेक्षा भावाला जाऊ दिलं."

मी एवढंच म्हणालो, "एफी जेवत नाही."

डॉर्कसने मास्कवरून तोंडावर हात ठेवला. मग उठली, आत गेली, आणि उघड्या खिडकीतून मला तिचा आवाज ऐकू आला. ती व्हर्नाला फोन करत होती. सुरुवात तिने स्वतःच्या नावापासून केली, पूर्ण नावापासून, जसं शपथेवर सांगतात.

६

तपासणीत डॉर्कसला लागण निघाली. मर्टलची आणि बाकी बायकांचीही तपासणी झाली. नशिबाने कोणाला काही नव्हतं. व्हर्ना मला म्हणाल्या, "मास्तर, साध्या साबणाने धुऊन ती टोपली काही दिवस बाजूला ठेवली असती तरी काम भागलं असतं. एक फोन पुरे होता." मग खाली बघत म्हणाल्या, "आणि मीही ह्यूबर्टला फाटकाशी थांबवण्याआधी एक प्रश्न विचारू शकत होते."

मी ह्यूबर्टला सांगायला गेलो, तर त्याने जाळं बाजूला ठेवलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"धुराडं दिसलं होतं. सोमवारी डाग दिसले. मी काही दगड नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"बहीण आहे ती. मला वाटलं, आज बोलेल. उद्या बोलेल. रोज वाटायचं." तो जाळ्यावर वाकला. "आणि मी बोललो असतो, तर तुमच्यापैकी कोणी ऐकलं असतं?"

मी ह्या वेळी मान हलवली नाही. पण दुसरं काही करताही आलं नाही.

पुढच्या रविवारी गाव नेहमीसारखं निपचित होतं. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलो होतो, आणि डॉर्कसच्या घरापुढच्या दोरीची कप्पी करकरताना ऐकू आली. मागची नव्हे, पुढची, रस्त्यावरून दिसणारी. रविवारी.

ती अजून घरात बंद होती; अंगणापलीकडे यायची परवानगी नव्हती. पण दोरी पायरीवरून ओढता येते, आणि मर्टलकडची टोपली तिने मागवून घेतली होती. पायरीवर उभी राहून ती एकेक तपकिरी मास्क चिमट्याने लावत होती आणि दोरी पुढे सरकवत होती, टोपली रिकामी होईपर्यंत. काम संपल्यावर आत गेली नाही. तिथेच उभी राहिली, म्हणजे मास्क बघणाऱ्याला तीही दिसावी.

खिडक्यांचे पडदे हलले. बाहेर आली फक्त मर्टल. ती फाटकापर्यंत गेली आणि थांबली. दोघी बराच वेळ एकमेकींकडे पाहत होत्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. निघताना मर्टलने हात लांबवून दोरीच्या टोकाचा एक मास्क काढून घेतला.

सोमवारी तो तिने गरम पाण्यात साबणाने धुतला, वाळवला आणि ह्यूबर्टकडे पोचवला. बहिणीच्या दाराशी जाऊन आल्यामुळे ह्यूबर्टला लांब राहावं लागलं ते दिवस संपले, आणि व्हर्नांनी फाटक उघडलं तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. त्यानेच बोलावलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

"चांदी गेली म्हणे यातली," कानांत इलास्टिक अडकवत ह्यूबर्ट म्हणाला. "कापड तर आहे ना? चालेल."

त्याने खुर्ची टाकली. काचेपलीकडे एफी बसली होती. आधीपेक्षा वाळलेली, नजर कुठेतरी पाण्यावर. खिडकी बोटभर उघडी होती. त्याने काचेवर हात ठेवला. तिने ठेवला नाही. ती त्याच्या तोंडाकडे, त्या तपकिरी कापडाकडे बघत राहिली. कपाळावर आठी पडली, आणि हळूहळू सुटली.

"साली उकळल्यास वाटतं," ती म्हणाली. "मला हाक का नाही मारलीस, ह्यूबर्ट? एकट्याने जाळी उचलतं का कोणी?"

ह्यूबर्टचे खांदे हलू लागले. मी तोंड फिरवलं. खाली गावात डॉर्कसच्या दोरीवर बाकीचे मास्क अजून वाऱ्यावर हलत होते, आणि ते कोणीही काढत नव्हतं.